चटणीनं आतड्याची चाळणी होते का?

पत्राचा सारांश: कोल्हापुरातल्या एका ताईंचं पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील गाळलेत. ताई घरी कांदा-लसूण चटणी करून विकतात. धाकटा मुलगा २१ वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, आणि पेठेतल्या संघातून फुटबॉल खेळणारा. दीड वर्षापूर्वी त्याला संडासवाटे रक्त आणि आव पडू लागली. मूळव्याध समजून दोन महिने गेले, मग दुर्बिणीची तपासणी झाली आणि मोठ्या आतड्याच्या डाव्या भागात अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे आतड्याच्या अस्तराला दाह होऊन जखमा होणारा दीर्घ मुदतीचा आजार, असल्याचं कळलं. दाह कमी करणाऱ्या मेसालामिनच्या गोळ्या आणि रात्रीचा एनिमा (गुदद्वारातून आत सोडायचं तेच औषध) सुरू झाला. गेले पाच महिने रक्त नाही. एनिमा त्यानं कधीच सोडलाय, आता म्हणतो, “बरं झालंय की, गोळ्या तरी कशाला?” त्यात नणंदेचा मुलगा ‘गट हीलिंग’चा माल विकतो. त्याचं म्हणणं असं, की आतड्याच्या पडद्याची चाळणी झालीय, डॉक्टरांच्या गोळ्या नुसती आग दाबतात, भोकं बुजवायची तर आधी ‘लीकी गट’ची (झिरपणाऱ्या आतड्याची) टेस्ट आणि मग तीन महिन्यांचा १८,००० रुपयांचा कोर्स घ्यायचा, आणि कोर्स चालू असताना गोळ्या बंद ठेवायच्या. ताई विचारतात, कोर्स घ्यावा का, नको म्हटलं तर नणंदेला काय तोंड दाखवू, आणि शेवटी, “माझ्याच चटणीनं पोराच्या आतड्याची चाळणी झाली का?”

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तोच तुम्हाला रात्री झोपू देत नसणार. हा आजार तुमच्या चटणीनं झालेला नाही.

मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवर आणि आतड्यात उष्णता ओळखणाऱ्या नसांना चेतवतं. मेंदूला वाटतं भाजलं, प्रत्यक्षात तिथं काही भाजत नाही आणि भोक तर मुळीच पडत नाही. दुसरं असं, की हा आजार पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यात जास्त दिसत आलाय तो उत्तर युरोपात आणि उत्तर अमेरिकेत, म्हणजे जिथल्या लोकांना आपला पांढरा रस्साही झेपणार नाही. आपल्याकडे तो वाढतोय तो गेल्या काही दशकांत, आणि संकेश्वरी मिरची काही गेल्या काही दशकांत आलेली नाही. या आजारांशी संबंध असलेल्या दोनशेहून अधिक जागा आपल्या जनुकांत सापडल्यात. त्यांत आतड्यातले जंतू, राहणीमान, लहानपणी झालेले संसर्ग आणि अँटिबायोटिक्स अशा बऱ्याच गोष्टींची भर पडते. यातलं कुणाच्या बाबतीत नेमकं काय झालं, हे कुठलाही डॉक्टर एका पोराकडं बघून सांगू शकत नाही. आईनं वाढलेल्या ताटावर तर ते अजिबातच ढकलता येत नाही.

एवढं मात्र खरं, की आजार उसळलेला असताना तिखटानं मुरडा वाढतो, घाई वाढते. तेव्हा मऊ भात, मुगाचं वरण, ताक यावर राहावं. पण तो त्रास झाला, इजा नव्हे. आजार शांत असताना त्याला सोसेल तेवढी चटणी त्यानं भाकरीबरोबर खाल्ली, तर तुम्ही दचकायचं कारण नाही.

आता चाळणीचं बघू. तुमच्या भाच्याचं सगळंच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. अर्धं खरं आहे, म्हणून तर ते पटतं.

आतड्याला आतून जे अस्तर असतं, त्यात पेशींचा थर एकच असतो. एका पेशीच्या जाडीचा, बस. पलीकडं कोट्यवधी जंतू, अलीकडं आपलं रक्त आणि प्रतिकारशक्तीच्या पेशी. त्या थरावर बुळबुळीत म्युकसचं आवरण असतं. मोठ्या आतड्यात त्याचे दोन थर असतात, आणि आतला, पेशींना चिकटलेला थर जवळजवळ जंतूविरहित असतो, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिलं. त्याखाली पेशी एकमेकींना प्रथिनांच्या जोडांनी बांधलेल्या असतात. हे जोड कायमचे घट्ट नसतात. पाणी, क्षार यांची ये-जा त्यांतून व्हावीच लागते, आणि शरीर ते गरजेप्रमाणं सैल-घट्ट करत राहतं. म्हणजे निरोगी माणसाचं आतडंही थोडं झिरपतंच. ते झिरपलं नाही तर आपण जगणार नाही.

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये म्युकस बनवणाऱ्या पेशी कमी होतात आणि ते आवरण पातळ होतं. जंतू पेशींच्या जवळ पोचतात. दाहात तयार होणारी टीएनएफसारखी रसायनं पेशींमधले जोड सैल करतात, मग आणखी जंतूंचे अंश आत शिरतात, त्यांना हटवायला आणखी पांढऱ्या पेशी धावतात, आणि त्यांनी सोडलेल्या रसायनांनी जोड आणखी सैल होतात. पोराच्या रक्तात, आवेत तुम्ही जे बघितलंत ते या फेऱ्याचं बाहेरून दिसणारं रूप. आधी पडदा बिघडतो की आधी दाह होतो, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे.

भाचा चुकतोय तो पुढच्या पावलाला. चाळणीची भोकं पडली की पडली, कुणीतरी डाक देऊन बुजवावी लागतात. आतड्याचं तसं नाही. त्या थरातल्या पेशी दर तीन ते पाच दिवसांनी झडतात आणि खालून नव्या येतात. तुमच्या पोरानं गेल्या रविवारी मॅच खेळताना त्याच्या आतड्यात जे अस्तर होतं, त्यातलं बहुतेक आज तिथं नाहीच. दुरुस्तीचं काम शरीर स्वतः करतंय, रात्रंदिवस, फुकट. प्रश्न असतो तो त्याला करू कोण देत नाही, आणि करू देत नाही तो दाह. म्हणून ज्या गोळीला भाचा ‘नुसती आग दाबणारी’ म्हणतो, तीच गोळी पडदा सावरायला वाव देते. आग दाबणं आणि पडदा सुधारणं ही दोन वेगळी खाती नाहीत. २००२ साली क्रोन्सच्या (कोलायटिसच्याच जातीचा, आतड्याच्या दाहाचा दुसरा आजार) रुग्णांना टीएनएफ रोखणारं औषध देऊन आतड्याची झिरप मोजली गेली. पडद्यावर ‘काम’ करणारं काहीही न देता, केवळ दाह आवरल्यावर, ती बऱ्याच अंशी पूर्वपदाला आली.

पावडरनं भोकं बुजतात या दाव्याला मात्र असा आधार नाही. ग्लुटामिन हे अशा कोर्समधलं ठरलेलं नाव. क्रोन्सच्या रुग्णांवर त्याच्या चाचण्या झाल्या, फायदा दिसला नाही. ‘लीकी गट’च्या नावानं पेशींमधले जोड सैल करणारं झोन्युलिन नावाचं प्रथिन मोजतात, तर बाजारातले किट नेमकं तेच प्रथिन मोजतात का, इथूनच शंका आहे. त्या टेस्टचा आकडा काहीही आला तरी तुमच्या डॉक्टरांचा एकही निर्णय त्यानं बदलणार नाही. मग पैसे कशाला घालवायचे? हळदीचं जरा वेगळं आहे. कर्क्युमिनवर चांगले अभ्यास झालेत, पण ते मेसालामिनच्या *जोडीला* दिलं होतं, त्याच्या जागी नव्हे. शिवाय हळदीत कर्क्युमिन जेमतेम ३ टक्क्यांच्या आसपास असतं, त्यामुळं हळदीच्या दुधाला औषध समजू नका. दूध म्हणून प्यायला हरकत नाही, त्याला पचत असेल तर.

डब्यावर ‘प्रतिकारशक्ती वाढवणारा’ असं लिहिलेलं असेल तर मी दोन पावलं मागं सरकेन. या आजारात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती आपल्याच आतड्यावर उलटलेली असते. तिला आणखी चेव आणून काय साधणार? कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवलं होतं. झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, हा समज आपण कधी सोडणार कुणास ठाऊक.

आता मला खरी काळजी वाटली ती ओळ. तुम्ही जाता जाता लिहिलंय, “मॅचच्या दिवशी गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधनं गोळी घेऊन उतरतो.” चटणीवर तुम्ही पानभर लिहिलंत आणि या गोळीवर एवढंच! आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या वेदनाशामक गोळ्या आतड्याच्या पडद्याची झिरप खरोखर वाढवतात. निरोगी माणसातही वाढवतात, आणि कोलायटिसच्या काही रुग्णांत आजार पुन्हा उसळवू शकतात. पोराच्या पडद्याला घरात कशापासून जपायचं असेल तर मसाल्याच्या बरणीच्या आधी या पाकिटापासून जपा. मेडिकलवाल्याला गोळीचं नाव विचारा, अंदाज बांधू नका. तोवर दुखलंच तर पॅरासिटामॉल, तेही मापात.

आणि गुडघा का दुखतो, हेही एकदा बघायला हवं. शाहू स्टेडियमवर पडून-झडून दुखत असेल, फुटबॉलमध्ये ते चालायचंच. पण सांधे दुखणं, सुजणं हा या आजाराचाच एक भाग असू शकतो. गुडघे, घोटे यांचं दुखणं बऱ्याचदा आतड्यातल्या दाहाबरोबर वर-खाली होतं. सकाळी उठल्यावर कंबर अर्धा तास आखडलेली असेल, तर तेही सांगण्यासारखं आहे. पोटाच्या डॉक्टरांना गुडघ्याचं काय सांगायचं, असं त्याला वाटत असणार. सांगायला सांगा.

गोळ्या बंद करण्याचं आता. रक्त थांबलं म्हणजे पडदा सावरला, असं तो धरून चाललाय. मीही त्याच्या जागी, त्याच्या वयात, तेच धरलं असतं. पण रक्त सगळ्यात आधी थांबतं. मग दुर्बिणीतून अस्तर स्वच्छ दिसू लागतं. त्यानंतर तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावर दाह निवळलेला दिसतो. आणि जोड नीट बसणं याच्याही मागून येतं. जर्मनीत एर्लांगेन इथं आजार शांत असलेल्या रुग्णांच्या आतड्यात सूक्ष्मदर्शक जोडलेली दुर्बीण घालून, शिरेतून सोडलेला चमकता रंग पेशींमधून झिरपतो का, हे बघितलं गेलं. २०२३ साली त्याचे निष्कर्ष आले. ज्यांचा पडदा खरोखर सावरला होता त्यांचा आजार पुढं उसळण्याचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि हा अंदाज नुसतं स्वच्छ दिसणाऱ्या अस्तरापेक्षा जास्त खरा ठरला. ही तपासणी आपल्याकडं रोजच्या वापरात नाही आणि तुमच्या मुलाला ती करायचीही नाही. तिच्यातून घ्यायचं ते एवढंच, की पाच महिने रक्त न दिसणं ही चांगली बातमी आहे, काम संपल्याची पावती नाही.

आणि २००३ सालचा एक अमेरिकन अभ्यास तर त्याच्यासारख्यांवरच होता. कोलायटिस शांत, मेसालामिन चालू, आणि काही जण गोळ्या टाळणारे. टाळणाऱ्यांत आजार उलटण्याचा धोका पाचपटीहून जास्त निघाला.

तरीपण ताई, त्याच्या हातात गोळी ठेवून समोर उभं राहू नका. एकवीस वर्षांचा आहे. आजार त्याचा, आतडं त्याचं. त्याला एकदा निवांत विचारा की नेमकं काय नको वाटतंय. बऱ्याचदा ‘गोळ्या कशाला’च्या खाली भलतंच काहीतरी असतं. कॉलेजच्या डब्याबरोबर गोळ्या काढल्या की मित्र विचारतात, हे असेल तर उपाय सोपा आहे. मेसालामिनचा दिवसाचा सगळा डोस एकदम घेतला तरी तेवढाच लागू पडतो, डॉक्टरांना विचारून तो रात्री जेवणानंतर घेता येईल. संडासात गोळीचं टरफल दिसतं म्हणून ‘लागतच नाहीत’ असं वाटत असेल, तर ते टरफल रिकामं असतं. गोळी मोठ्या आतड्यात जाऊन उघडावी म्हणून तिला तसं आवरण दिलेलं असतं, म्हणून ती फोडून, कुटून घ्यायची नाही. एनिमाचा संकोच मी समजू शकते. दोन खोल्यांचं घर, भाऊ शेजारी झोपलेला, चादरीवर तपकिरी डाग पडलेले. कुठल्या पोराला हे आवडेल? पण त्याचा आजार डाव्या भागात आहे, आणि तिथं गोळी आणि एनिमा मिळून जे काम होतं ते नुसत्या गोळीनं होत नाही. शांत काळात तो रोज न घेता आठवड्यातून काही रात्रीच घेऊन चालेल का, हे डॉक्टरांना विचारण्यासारखं आहे. खाली जुना गडद टॉवेल टाकायचा, डाव्या कुशीवर झोपायचं, आणि घरात त्यावर कुणी बोलायचं नाही.

तो ऐकेलच असं नाही. तेव्हा वाद न घालता एक गोष्ट पुढं ठेवा. संडासची फीकल कॅलप्रोटेक्टिन नावाची तपासणी असते. आतड्यात उतरलेल्या पांढऱ्या पेशींचं प्रथिन त्यात मोजतात. आकडा १५० च्या आत आला तर आत फारसा दाह नसावा. २५० च्या वर गेला तर बाहेरून बरं वाटत असलं तरी आत काहीतरी शिजतंय असं धरून डॉक्टर पुढचा विचार करतात. इंजिनिअरिंगच्या पोराला आईच्या काळजीपेक्षा आकडा लवकर पटतो. फक्त नमुना देण्याआधी काही आठवडे ती गुडघ्याची गोळी घेतलेली नको, तिनंही आकडा वाढतो. वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम सांगणारा आकडा, बघून घ्या, मेसालामिन क्वचित मूत्रपिंडाला त्रास देतं. आजार सुरू होऊन आठ वर्षं झाली की कर्करोगाच्या दृष्टीनं दुर्बिणीच्या तपासण्या सुरू करायच्या असतात. ते आत्ता फक्त कुठंतरी लिहून ठेवा.

खाण्याचं पुन्हा थोडं, कारण पत्रावरून दिसतंय की गेलं वर्षभर तुम्ही त्याला मऊ भात आणि ब्रेड-बिस्किटांवर ठेवलंय. आजार शांत आहे ना? मग जोंधळ्याची भाकरी, डाळी, उसळी, केळी, शिजवलेल्या भाज्या हळूहळू परत आणा. त्यांतला जो भाग आपल्याला पचत नाही तो मोठ्या आतड्यातले जंतू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. पडद्यासाठी १८,००० रुपयांचं काही घ्यायची तुमची तयारी होती, त्यापेक्षा हे स्वस्त पडेल. उलट पुड्यातल्या पदार्थांत तेल-पाणी एकजीव राहावं म्हणून घातलेली काही इमल्सिफायर म्युकसचं आवरण पातळ करतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत २०१५ साली दिसलं. माणसांबद्दल तितक्या ठामपणे बोलता येणार नाही, पण बिस्किटांपेक्षा भाकरी चांगली हे सांगायला तेवढ्या पुराव्याचीही गरज नसावी.

हे वाचणाऱ्यांत क्रोन्सचे रुग्ण असतील, त्यांनी कोंड्याच्या, चोथ्याच्या पदार्थांचा सल्ला असाच्या असा उचलू नये. आतडं अरुंद झालं असेल तर चोथा अडकतो. तंबाखू ओढत असाल तर क्रोन्समध्ये ती सोडण्याइतकं मोठं पथ्य नाही. आणि आपल्या देशात आतड्याचा क्षय हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो, त्यामुळं डॉक्टर क्षयाच्या तपासण्या पुन्हा पुन्हा करत असतील तर कंटाळू नका.

राहता राहिली नणंद. भाच्याला आजाराचं शास्त्र समजावत बसू नका, तो माल विकायला शिकलाय, तुम्ही वादात हरणार. “डॉक्टरांनी बजावलंय, त्यांना विचारल्याशिवाय नवीन काही सुरू करायचं नाही,” एवढंच सांगा, आणि डब्यावरच्या घटकांचा फोटो मागून घ्या. फोटो आला तर डॉक्टरांना दाखवा. घटक लिहिलेलेच नसतील तर विषय तिथंच मिटला, कारण अशा बिननावाच्या चूर्णांत स्टेरॉइड मिसळल्याची उदाहरणं निघतात. नणंद रुसलीच तर चटणीचा एक डबा पाठवा. आणि भाच्याची मनापासून मदतीची इच्छा असेल, तर पुढच्या वेळी त्याला पोराबरोबर दवाखान्यात पाठवा, शंका असतील त्या तिथंच विचारू दे.

एक मात्र घरात सगळ्यांना माहीत हवं. दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताची संडास, सोबत ताप, छातीत धडधड, पोट फुगलेलं किंवा सतत दुखतंय, असं झालं तर घरगुती काही करत बसायचं नाही, जुनी उरलेली स्टेरॉइडची गोळी आपल्या मनानं चालू करायची नाही, आणि संडास थांबवणारी गोळी तर मुळीच द्यायची नाही. रात्र असली तरी त्याच रात्री, पोटाचे डॉक्टर असतील अशा दवाखान्यात न्यायचं. जुनी फाईल आणि दुर्बिणीचा रिपोर्ट सोबत घ्या. रिपोर्टचा फोटो पोराच्या आणि त्याच्या भावाच्या मोबाइलमध्ये आजच काढून ठेवा.